एव्ही रिसीव्हरवरचे साऊंड मोड : कशाला कुठला लावायचा?

निपाणी_साऊंड

नमस्कार मंडळी, निपाणीतनं लिहितोय. दिवाळीला हॉलसाठी डेनॉनचा ५.१ रिसीव्हर घेतला, पुढे दोन टॉवर, टीव्हीखाली सेंटर, सोफ्याच्या दोन्ही अंगाला भिंतीवर सराउंड आणि कोपऱ्यात सबवूफर. माईक लावून ते ऑडिसीचं, म्हणजे खोलीप्रमाणं आवाज जुळवून घ्यायचं, मोजमाप पण झालं. आता सगळं अडलंय ते साऊंड मोडवर.

रिमोटवर मूव्ही, म्युझिक, गेम, प्युअर अशी चार बटणं हायत. एकच बटण परत परत दाबत गेलं की आतनं नुसती नावं निघतात, डॉल्बी सराउंड, न्यूरल एक्स, मल्टी चॅनेल स्टिरिओ, रॉक अरेना, जॅझ क्लब, मोनो मूव्ही, मॅट्रिक्स, व्हर्च्युअल. त्यात परत एका दिवशी जी यादी दिसते ती दुसऱ्या दिवशी दुसरं काही लावलं की दिसत नाही, वेगळीच येते, त्यामुळं एकदा लावून ठेवलं आणि विसरलं असं काय होईना.

घरात वडिलांना कन्नड बातम्या आणि संध्याकाळच्या मराठी मालिका लागतात, आईला यूट्यूबवर जुने अभंग आणि नाट्यगीतं, मी आणि बायको रात्री ओटीटीवर पिक्चर बघतो, कधी हिंदी, कधी कन्नड, मराठी नवीन आला असला तर पहिला तोच. आता अडचणी सांगतो. मल्टी चॅनेल स्टिरिओ लावला की खोली भरून आवाज येतो म्हणून घरात सगळ्यांना तोच आवडतो, पण पिक्चरमध्ये गाडी डावीकडनं उजवीकडं गेली तरी काय कळत नाही, सगळीकडनं तेच ऐकू येतंय. दुसरं म्हणजे डायलॉग. पार्श्वसंगीत सुरू झालं की माणूस काय बोलला ते समजत नाही, आवाज वाढवला की पुढच्या मारामारीला भिंती हादरतात. आणि तिसरं, आईची जुनी गाणी मूव्ही बटणावर लावली की आवाज फक्त सेंटरमधनं येतोय, दोन्ही टॉवर गप्प. कान लावून बघितलं, खरंच काहीच नाही. मला वाटलं वायर निघाली, पण पिक्चरला तेच टॉवर चांगले वाजतात.

तर कशाला कुठला मोड लावायचा ते जरा नीट समजून सांगा की ओ. सगळ्याला चालणारा एकच मोड असतो काय? टीव्ही एचडीएमआय एआरसीनं जोडलाय, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरनं रिसीव्हरला येतोय, ओटीटी टीव्हीतल्या ॲपवरच चालतं.

---

टिळकवाडी_ऑडिओ

भावा, मोडचं नंतर बघू, आधी रिसीव्हरच्या आत काय येऊलाय ते बघ. नव्वद टक्के घरात भांडण मोडचं नसतंच, आत सिग्नलच दोन चॅनेलचा आलेला असतो आणि माणूस पाच स्पीकरचा मोड शोधत बसतो. मी बेळगावात हेच काम करतो, टिळकवाडी, शहापूर, वडगाव, कॅम्प, कुठंही गेलो तरी पहिलं हेच तपासतो.

पिक्चर चालू असताना सेटअप मेनूत जनरल, मग इन्फर्मेशन, मग ऑडिओ, असं जा. तिथं इनपुट सिग्नल आणि त्याखाली फॉरमॅट दिसेल. फॉरमॅटमध्ये ३/२/.१ असं आलं तर खरा ५.१ आहे, म्हणजे पुढचे तीन, मागचे दोन आणि .१ म्हणजे एलएफईचा, सबवूफरच्या खालच्या धडाक्याचा, वेगळा चॅनेल. २/० आलं तर समोरचे दोनच चॅनेल येउलाहेत, बाकीचं सगळं रिसीव्हर स्वतः बनवतो. हा एक आकडा बघायची सवय लागली की अर्धे प्रश्न संपतात. तुझी यादी रोज बदलती ती पण ह्याच्यामुळंच, आत जसा सिग्नल येतो त्याला जे मोड लागू पडतात तेवढेच रिसीव्हर दाखवतो. बिघाड काही नाही.

आता पिक्चर ५.१ चा असून २/० दिसत असेल तर टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये जा. डिजिटल ऑडिओ आऊटपुट असं काहीतरी असतंय, तिथं पीसीएम असेल तर ते काढून ऑटो किंवा बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू कर, टीव्हीगणिक नाव वेगळं. पीसीएमवर ठेवलं की साध्या एआरसीतनं दोनच चॅनेल जातात. ओटीटीचा ५.१ बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो आणि तो साध्या एआरसीतनं जाऊ शकतो, त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीचा नवा मोठा प्रकार, लागत नाही. ईएआरसी लागतं ते ब्ल्यू-रेच्या ट्रूएचडीला किंवा न दाबलेल्या मल्टीचॅनेल पीसीएमला. आणि कुणी ऑप्टिकल वायर लावली असेल तर तिच्यातनं डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, जुनं साधं डॉल्बी डिजिटल जातं, तेवढं लक्षात ठेवा. पुढं कधी फायर स्टिक वगैरे घेतलीस तर ती टीव्हीला न लावता सरळ रिसीव्हरलाच लाव, मधला टीव्ही निघाला की एक भानगड कमी. फोर-के असेल तर रिसीव्हरला एचडीसीपी २.२ (कॉपी रोखायची सोय) पाहिजे तेवढं बघून घे.

आता मोड. ३/२/.१ आला की काही करायचं नाही. ऑटो ठेव किंवा डिस्प्लेवर नुसतं डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस असं नाव येईल ते ठेव. मिक्स करणाऱ्यानं कुठला आवाज कुठल्या स्पीकरात हे ठरवूनच दिलंय, ते जसंच्या तसं येऊ दे. ॲटमॉसचा, म्हणजे वरनं पण आवाज येणारा, पिक्चर असला तरी तुझ्या ५.१ वर तो ५.१ म्हणूनच वाजेल, त्यात काही नुकसान नाही. रॉक अरेना, जॅझ क्लब ही नावं मूव्हीला विसरून जा, ती वरनं घुमारा घालतात आणि डायलॉग अजून मागं जातो.

२/० आला, म्हणजे मालिका, बातम्या, यूट्यूब, तर दोन रस्ते. एक स्टिरिओ, म्हणजे दोन टॉवर आणि सब. दुसरा डॉल्बी सराउंड किंवा न्यूरल एक्स, हे अपमिक्सर, म्हणजे दोन चॅनेलचे जास्त चॅनेल बनवणारे. डॉल्बी सराउंड दोन्ही चॅनेलची तुलना करत असतो, दोन्हीकडं सारखं असेल ते सेंटरला पाठवतो, दोन्हीकडं उलट्या फेजमध्ये असेल ते मागं टाकतो. म्हणून बातम्या आणि मालिकेला तो चांगला, निवेदकाचा आवाज टीव्हीखालनं स्वच्छ येतो. वडिलांना तोच लावून दे.

मल्टी चॅनेल स्टिरिओ मात्र पिक्चरला लावू नकोस. तेच दोन चॅनेल सगळ्या स्पीकरांना वाटले जातात. एका पातेल्यातली आमटी पाच वाट्यांत वाढली म्हणून आमटी वाढत नाही, तसं आहे ते. खोली भरल्यासारखी वाटती एवढंच, दिशा सगळी जाती.

---

शहापूर_गायकी

वरच्या दादांनी सिग्नलचं बरोबर सांगितलंय. मी फक्त तुमच्या आईच्या गाण्यांबद्दल लिहिते, कारण आमच्या घरी पिक्चर महिन्यातनं एखादा आणि गाणं रोज, आणि ह्या विषयावर लोक फार घाईनं बोलतात असं मला नेहमी वाटतं.

तुमचे टॉवर गप्प होतात त्यात बिघाड काही नाही. जुनं नाट्यगीत, जुने अभंग, पन्नास-साठच्या दशकातल्या मैफिली ह्या बहुतेक मोनो. यूट्यूबवर त्या दोन चॅनेलमध्ये येतात खऱ्या, पण डावीकडं जे आहे तेच उजवीकडं, काडीचा फरक नाही. डॉल्बी सराउंडनं दोन्हीची तुलना केली, दोन्ही सारखंच निघालं, मग सगळंच्या सगळं सेंटरला दिलं. त्याच्या हिशेबानं तो बरोबरच वागला, पण ऐकणाऱ्याचं नुकसान झालं ना. सेंटर हा टीव्हीखाली मावावा म्हणून आडवा, छोटा केलेला असतो, त्याच्यातनं तंबोरा आणि तबल्याचा बायाँ ऐकायचा म्हणजे निम्मं गाणं हरवतं. तुमच्याकडं चांगले टॉवर असताना ते गप्प ठेवून कशाला.

जुन्या गाण्याला सरळ स्टिरिओ लावा. मोनो असलं तरी दोन्ही टॉवरमधनं सारखा आवाज आला की गायक बरोबर मध्यभागी, टीव्हीच्या जागी बसल्यासारखा ऐकू येतो, पण त्यासाठी दोन्ही टॉवर तुमच्यापासनं सारख्या अंतरावर पाहिजेत आणि बसणारा मध्ये पाहिजे. आईची रोजची खुर्ची सोफ्याच्या एका टोकाला असेल तर मात्र आवाज जवळच्या टॉवरकडं ओढला जातो. त्या वेळी डॉल्बी सराउंड ठेवून त्यात सेंटर स्प्रेड नावाचं सेटिंग असतं ते ऑन करा, साऊंड मोडच्या सराउंड पॅरामीटरमध्ये मिळेल. मग मधला आवाज एकट्या सेंटरवर न पडता दोन्ही टॉवरमध्ये पण पसरतो. जुन्या रिसीव्हरमध्ये प्रो लॉजिक टू नावाचं अपमिक्सर होतं, त्यात म्युझिक मोडला सेंटर विड्थ म्हणून हेच काम करणारं सेटिंग होतं. ज्यांच्याकडं तसला जुना रिसीव्हर आहे त्यांनी तो जपून ठेवा, गाण्याला फार चांगला.

प्युअर डायरेक्टबद्दल. त्यात रिसीव्हर टोन, ऑडिसी सगळं बाजूला ठेवतो आणि डिस्प्ले पण बंद करतो. ज्यांची खोली चांगली आहे त्यांना तो आवडेल. आमच्या शहापुरातल्या जुन्या घरात खाली फरशी, भिंती उघड्या, तिथं डायरेक्ट लावला की वरचा आवाज टोचतो आणि खालचा कोपऱ्यात घुमतो. ऑडिसीनं तेच सावरलेलं असतं. म्हणून मी साधा स्टिरिओच ठेवते, डायरेक्ट नाही. तुम्ही दोन्ही लावून एकच अभंग ऐकवा आणि आईलाच विचारा. त्यांचा कान त्या गाण्यांवर चाळीस-पन्नास वर्षं तयार झालेला असणार, त्या पहिल्या ओळीतच सांगतील.

आणि एक मनापासून सांगते. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा, १९२४ चा. त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं आणि जॅझ क्लबचा मोड चुकून राहिला तर प्रत्येक स्वरामागं एक खोटी खोली ऐकू येते. ते जिथं स्वर सोडून गप्प बसतात तिथं खरोखर गप्प पाहिजे. त्या जागेत रिसीव्हरनं स्वतःचं काही भरू नये.

---

खानापूर_कौलारू

ताईंचं गाण्याचं पटलं, पण घुमारा घालणारे "मोड लावूच नका" असं जे सगळे म्हणूलाहेत ते मला पूर्ण पटत नाही ओ. मी यामाहावाला. यामाहानं १९८६ साली डीएसपी-१ नावाचं यंत्र आणलं तेव्हापासनं ते खऱ्याखुऱ्या सभागृहात जाऊन आवाज कुठनं कसा परततो ते मोजून मोड बनवतात, म्युनिकचा हॉल, व्हिएन्नाचा हॉल अशी नावं उगाच दिलेली नाहीत. नवीन स्टिरिओ गाणी, बँड, ऑर्केस्ट्रा असलं काही असलं की मी चेंबर किंवा हॉल लावतो, पण त्याची पातळी कमी करून. यामाहात प्रत्येक मोडचा इफेक्ट डेसिबलमध्ये कमी-जास्त करता येतो. कंपनीनं दिलेल्या पातळीवर ऐकून लोक म्हणतात घुमतंय, ते खाली आणून बघतच नाहीत. मोड चालू आहे हे कळू नये आणि बंद केला की काहीतरी गेलं असं वाटावं, तिथपर्यंत खाली आणायचं.

पिक्चरला मात्र मी पण स्ट्रेटच ठेवतो. स्ट्रेट म्हणजे यामाहाच्या भाषेत आत जेवढे चॅनेल आले तेवढेच, वरनं काही नाही. डेनॉनवाल्यांनी गोंधळू नका, तुमच्याकडं ते नाव नाही. सोनीवाल्यांकडं ए.एफ.डी. म्हणून असतं, त्याचं काम तसंच.

आता आमच्याकडचं वेगळं. खानापूरच्या ह्या बाजूला घरं कौलारू, उतरतं छप्पर, आणि पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर कौलावर असा आवाज की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. दुकानात लोक वर तोंड केलेले ॲटमॉसचे स्पीकर दाखवून गळ घालतात. कौलारू घरात ते घेऊ नका. ते स्पीकर आवाज वर मारतात आणि सिलिंगवरनं आपटून खाली यायचा, त्याला सपाट आणि टणक सिलिंग लागतं, उंची पण फार तर १४ फुटापर्यंत. उतरत्या कौलावर तो आवाज भलतीकडंच जातो. तेवढ्या पैशात चांगला सेंटर घ्या. पावसात डायलॉग ऐकू यायचा तो मोडनं नाही, सेंटरनंच. मी पावसाळ्यात सेंटरची लेव्हल २-३ डेसिबल वाढवून ठेवतो आणि पाऊस गेला की परत खाली.

निपाणीच्या मित्रानं सांगितलं नाही सराउंड कुठल्या उंचीवर लावलेत. बसल्यावर कानाच्या थोडं वर आणि तुमच्या बाजूला किंचित मागं, समोरच्या सेंटरपासनं मोजलं तर ११० अंशाच्या आसपास. सोफ्याच्या पुढं भिंतीवर लावले असतील तर कुठलाही मोड लावा, मागचं मागनं येणार नाही.

---

निपाणी_साऊंड

सगळ्यांचे आभार. टिळकवाडीच्या दादांनी सांगितलं तसं इन्फर्मेशन उघडून बघितलं, २/०. टीव्हीत पीसीएमच होतं. ऑटो केलं आणि तोच पिक्चर परत लावला तर ३/२/.१ आणि डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल प्लस. पावसाचा सीन होता, पहिल्यांदा मागनं पाऊस आला. बायकोनं मागं वळून खिडकी बघितली. डायलॉग पण सेंटरमधनं मोकळा झालाय, लई फरक.

आता दोन गोष्टी राहिल्या. एक, तोच पिक्चर हिंदीत ३/२/.१ दाखवतो आणि कन्नडमध्ये लावला की २/०. असं का? आणि दोन, रात्री. आमची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागूनच हाय, गल्लीत सगळी घरं तशीच. दहानंतर आवाज कमी करावा लागतोय, मग डायलॉग परत गायब आणि मागचे सराउंड मात्र उगाच पुढं आल्यासारखे वाटतात. कमी आवाजात सराउंड जास्त कसे ऐकू येतील?

ताई, आईला स्टिरिओ आणि डायरेक्ट दोन्ही लावून दिलं. स्टिरिओच म्हणाली, लगेच. सराउंड भिंतीवर कानाच्या वीतभर वर हायत आणि सोफ्याच्या जरा मागंच, ते ठीक असावं.

---

टिळकवाडी_ऑडिओ

कन्नडचं सोपं आहे. ओटीटीवर प्रत्येक भाषेचा ट्रॅक वेगळा दिलेला असतो. मूळ भाषेला ५.१ आणि डबिंगला नुसता स्टिरिओ असं पुष्कळ वेळा असतं, कधी कन्नड मूळ असला तर त्याच्या हिंदीचं उलटं. काही ॲपवर भाषा निवडताना नावापुढंच ५.१ लिहिलेलं असतं, ते बघून निवड. आपल्याकडं बरं आहे, तिन्ही भाषा कळतात, जिथं ५.१ आहे ती भाषा लावायची. कन्नडच बघायचाय आणि तो २/० आहे, तर डॉल्बी सराउंड लाव. ऑटोवर सोडलंस तर दोनच टॉवर वाजतील.

सराउंड रात्री पुढं येऊलाहेत ते ऑडिसीतल्या डायनॅमिक ईक्यूमुळं. आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून ते बास वाढवतं आणि त्याच्याबरोबर सराउंडची लेव्हल पण वाढवतं. व्हॉल्युमच्या ०ला मूळ धरून जसजसा आवाज खाली जाईल तसतशी वाढ जास्त. तुझ्या भिंतीला आणि शेजाऱ्याला बासच नको आहे. दोन उपाय, एकतर रात्री ते ऑफ कर, नाहीतर त्याच्याखाली रेफरन्स लेव्हल ऑफसेट असतं ते ० वरनं १० किंवा १५ वर ने, वाढ कमी होईल. मी १० पासनं सुरू करायला सांगतो.

डायलॉगसाठी डायनॅमिक व्हॉल्युम लाव, लाइट किंवा मीडियम. हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली, असं दोन्ही आवळून धरतं. हेवी लावलं की फार चपटं होतं, मला पिक्चरला सोसवत नाही, पण पाळण्यात लहान मूल असलेल्या घरात मी तेच लावून देतो आणि ती माणसं खूष असतात. डॉल्बीच्या सिग्नलला वेगळं डायनॅमिक कॉम्प्रेशन पण असतं, दोन्ही एकदम लावू नको, कुठलं एक ठेव. आणि सेंटर दोन डेसिबल वर, खानापूरच्या काकांनी सांगितलं तेच.

सब कोपऱ्यात आहे म्हणालास. कोपऱ्यात बास जास्त वाढतो आणि ती भिंत शेजाऱ्याची असेल तर सगळा धक्का तिकडंच. दुसऱ्या भिंतीकडं सरकवता आला तर बघ, पण मग माईकचं मोजमाप परत करायला पाहिजे. ते करताना पंखा बंद, फ्रीजचा आवाज येत असेल तर स्वयंपाकघराचं दार लावून घे, आणि माईक सोफ्याच्या उशीवर ठेवू नको, स्टँडवर कानाच्या उंचीला धर. झाल्यावर सबचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवेल, ते हातानं दुरुस्त करत बसू नको. सबच्या आतल्या सर्किटला वेळ लागतो तो त्यानं अंतरात धरलेला असतो.

टॉवर मोठे आहेत म्हणून मोजमापानं ते लार्ज ठरवले असतील तर स्मॉल कर आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडं जातो ती रेघ, ८० हर्ट्झ. खालचं सगळं सबकडं जाऊ दे, टॉवर मोकळे होतात, गाण्याला पण फायदा.

---

चिकोडी_मंडळ

मल्टी चॅनेल स्टिरिओच्या बाजूनं कुणीच बोलेना म्हणून लिहूलोय. गणपतीत घरी आरतीला वीस-पंचवीस माणसं, कोण देवघरापाशी, कोण दारात, कोण जिन्यावर. तिथं सोफ्याच्या मध्ये बसून ऐकणारा कोण नसतोच. दोन टॉवरवर लावलं तर पुढच्यांच्या कानठळ्या आणि मागच्यांना काही नाही. मल्टी चॅनेल लावून आवाज निम्म्यावर आणला की सगळ्या खोलीत सारखा पोचतो आणि माणसांना एकमेकांशी बोलता पण येतं. हळदीकुंकू, बारसं, वाढदिवस, ह्याला दुसरा मोड नाही. एवढंच करा, सराउंड ज्यांच्या डोक्याजवळ आहेत त्यांच्यासाठी त्याच मोडमध्ये मागची लेव्हल थोडी खाली घ्या.

---

निपाणी_साऊंड

ऑफसेट १० केलं, मागचे जागेवर गेले. सेंटर +२. रात्री डायनॅमिक व्हॉल्युम लाइट पुरतंय. सब सरकवायचं रविवारी बघतो, वायर लांब लागणार.

आता शेवटचं. हे सगळं मला कळलं, पण वडिलांना आणि आईला प्रत्येक वेळी मेनूत जाऊन हे करा कसं सांगायचं? मी कामावर असतो तेव्हा ते दोघं जो मोड असेल त्यावरच बघत बसतात. पिक्चरनंतर ऑटो तसाच राहिला की वडिलांच्या बातम्या दोनच टॉवरवर आणि त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं.

---

शहापूर_गायकी

रिमोटवर क्विक सिलेक्ट म्हणून १ ते ४ बटणं बघा. पाहिजे तो इनपुट, आवाजाची पातळी आणि साऊंड मोड लावून घ्यायचा आणि बटण थोडा वेळ दाबून धरायचं, ते सगळं त्यात साठतं. १ ला वडिलांसाठी डॉल्बी सराउंड, २ ला आईसाठी स्टिरिओ, ३ ला पिक्चरचा ऑटो, ४ ला तुमचा रात्रीचा, त्यात डायनॅमिक व्हॉल्युम चालू करूनच साठवा. आवाजाची पातळी पण साठते, त्यामुळं साठवताना ज्याचं बटण त्याला समोर बसवून आवाज ठरवा, विशेषतः वडिलांचा. सेंटर त्यांच्या बाजूला जरा तिरका करून ठेवा.

यामाहावाल्यांना हेच सीन नावाच्या बटणावर मिळतं.

---

खानापूर_कौलारू

होय, सीनवर मिळतं. आणि निपाणीकर, साठवल्यावर बटणांवर छोटी चिठ्ठी चिकटवा, आई, बाबा, पिक्चर, रात्र. आमच्याकडं तशीच आहे. करंट जाऊन परत आला तरी ते साठवलेलं राहतं. फक्त टीव्हीच्या सॉफ्टवेअरचं अपडेट झालं की एकदा इन्फर्मेशन उघडून ३/२/.१ येतंय का ते बघत जा, अपडेटनंतर टीव्ही कधीकधी परत पीसीएमवर जाऊन बसतो.